कडब्याचा रकाना

(युवा शिबिरातल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला सॉफ्टवेअरमधल्या नोकऱ्यांवर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला खताच्या पोत्यावर आणि ज्वारीच्या बियाण्यावर बोलू द्या. ते जरा थांबले आणि म्हणाले, "किती वेळ?" विषय पाच मिनिटांचा वाटला असावा.

तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अजून शेती आहे? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. आपल्या समाजाची गोष्ट निघाली की आपण बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन असे धंदे मोजतो. मुसलमान शेतकरी म्हटलं की ऐकणारा थोडा दचकतो. पण सोलापूर, सांगली, लातूर, धाराशिवकडे पाच-दहा एकरवाली शेख, पटेल, मुलाणी, मुजावर यांची घरं गावोगाव आहेत. आता हात खाली घेऊ नका. यातले किती जण शहरातून गावी फोन करून खत-बियाण्याचा सल्ला देतात? हसू नका, मीही देतो. त्या सल्ल्यापायी आमच्या दावणीची एक म्हैस गेली. ती कशी गेली ते आधी सांगतो, मग खतावर येतो.

आमची शेती सोलापूर जिल्ह्यात. एकूण नऊ एकर. त्यातले तीन एकर ओढ्याकाठची काळी, भारी जमीन, विहीर तिथेच. उरलेले सहा एकर माळावर, बरड. दावणीला तेव्हा तीन म्हशी, दोन म्हातारे बैल आणि सात-आठ शेळ्या होत्या. ज्वारी घरात खायची, कडबा जनावरांना, शेण रानात, दूध डेअरीला. पुस्तकात याला मिश्र शेती म्हणतात. आमच्याकडे नुसतं शेती म्हणतात.

२०१८ साली मला पुण्यात नोकरी लागून चार वर्षं झाली होती. एका रविवारी मी एक्सेल उघडलं आणि घरच्या रब्बीचं नियोजन केलं. रकाने पाडले: पीक, वाण, हेक्टरी उत्पादन, बाजारभाव, खताचा खर्च, नफा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या घडीपत्रिकेतून ज्वारीच्या वाणांचे आकडे घेतले. फुले वसुधा, कोरडवाहूत हेक्टरी २५ ते २८ क्विंटल धान्य. फुले अनुराधा, ८ ते १०. यात विचार करण्यासारखं काय आहे? पंचवीस मोठे की आठ? बरडाच्या सहाही एकरांत मी वसुधा लिहून टाकली. ओढ्याकाठच्या तीन एकरांत आजोबांच्या काळापासून मालदांडी व्हायची. तिथे विहीर आहे म्हणून मी लोकवन गहू धरला, कारण नफ्याच्या रकान्यात गहू वर येत होता. अब्बांना फोनवर सगळं सांगितलं. मुलगा इंजिनियर, त्यात कॉम्प्युटरवर हिशेब केलेला, म्हणजे बरोबरच असणार असं त्यांना वाटलं. गावात चार जणांना त्यांनी ते सांगितलंही.

अम्माला कुणी विचारलं नाही. म्हशी तिच्याकडे, शेळ्या तिच्याकडे, गोठा, शेण, धार सगळं तिच्याकडे. पण बियाणं कुठलं घ्यायचं हे ठरवण्याशी तिचा काही संबंध आहे, हे माझ्या किंवा अब्बांच्या डोक्यातच आलं नाही.

घडीपत्रिकेत त्या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना होता, जमिनीच्या खोलीचा. मी तो वाचला होता, घेतला नाही. रब्बी ज्वारीला पाऊस मिळत नाही. सप्टेंबरात जमिनीत जी ओल साठते तिच्यावरच पीक शेवटपर्यंत जगतं. म्हणजे माती हीच टाकी, आणि मुरूम लागेपर्यंतची खोली हे त्या टाकीचं माप. वसुधा ही दोन फुटांपेक्षा, म्हणजे ६० सेंटिमीटरपेक्षा खोल जमिनीसाठी काढलेली जात. ती तयार व्हायला ११६ ते १२० दिवस लागतात. अनुराधा फूटभर खोलीच्या हलक्या जमिनीसाठी. ती १०५ ते ११० दिवसांत हाती येते. दहा दिवसांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. बरडावरची ओल पीक फुलोऱ्यात असतानाच संपते, तेव्हा त्या दहा दिवसांत दाणा भरतो की नाही ते ठरतं. वसुधाचे २५ क्विंटल भारी जमिनीतले होते आणि अनुराधाचे ८ क्विंटल बरडावरचे. दोन वेगवेगळ्या टाक्यांचे आकडे मी एकाखाली एक ठेवून तुलना केली होती. कामावर ज्युनियरनं असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

त्या वर्षी दुष्काळ पडला हे खरं. पण सगळं दुष्काळावर ढकलायला मी तयार नाही. बांधापलीकडच्या बरडावर लवकर येणारी ज्वारी होती. तिथे कणसं बारीक का होईना, भरली. आमची वसुधा गुडघ्याच्या थोडी वर जाऊन थांबली. गव्हाला पाच-सहा पाणी लागतं. विहिरीनं चार दिलं आणि जानेवारीत तळ दाखवला.

धान्य गेलं त्याचं दुःख होतंच. पण खरी अडचण फेब्रुवारीत समजली. कडबा नव्हता. गव्हाचं काड होतं थोडं, म्हशी त्याला तोंड लावत नव्हत्या. बरडावर जे खुरटं पीक उभं होतं ते हिरवं कापून जनावरांना घालू, असं अब्बा म्हणाले. अम्मानं त्यांना थांबवलं. किराळ लागेल म्हणाली. तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हा शब्द माहीत असेल. कोवळ्या किंवा पाण्याविना खुरटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं आणि ती खाल्लेलं जनावर तासाभरात मरू शकतं. अम्माला आम्लाचं नाव माहीत नाही. तिनं ते पीक कापून, चांगलं वाळवून मगच घातलं. वाळल्यावर विष बरंच कमी होतं. मी नंतर वाचलं तेव्हा कळलं की आधीच ताणावर असलेल्या ज्वारीला नत्र जास्त झालं की हे विष वाढतं. आणि नत्र मी भरपूर दिलं होतं. ते पुढे सांगतोच.

वाळलेलं महिनाभर पुरलं. कडब्याच्या शेकड्याचा भाव दिवाळीत होता त्याच्या दुप्पट झाला होता. मी फोनवर म्हटलं, पैसे पाठवतो, विकत घ्या. तेव्हा अम्मानं अब्बांच्या हातातून फोन घेतला. आम्ही घरात दखनी बोलतो. ती म्हणाली, "कब तक भेजेगा? भैंस क्या खाएंगी रे? तेरा लॅपटॉप?" एप्रिलात एक म्हैस विकली. दुभती विकली, कारण भाकड म्हशीला दुष्काळात गिऱ्हाईक नसतं.

पुढच्या रब्बीच्या आधी मी आठवडाभर रजा काढून गावी गेलो. या खेपेस एक्सेल उघडण्याआधी अम्माला घेऊन रानात गेलो. तिनं पहार घेतली आणि आठ-दहा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डे करायला लावले. माप वितेनं. बरडावर कुठे वीत, कुठे सव्वा वीत. पण माळाच्या खालच्या अंगाला एकरभर असा निघाला की तिथे दोन विती माती होती. तो तुकडा मध्यम जमिनीत मोडतो, हे नऊ एकर कसणाऱ्या घरात तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिलाही ते कुठल्या कागदावरून कळलं नव्हतं. तिथलं गवत मार्चपर्यंत हिरवं राहतं आणि शेळ्या तिकडे ओढ घेतात, एवढंच तिनं पाहिलेलं.

मग मी नवा रकाना पाडला, कडब्याचा. हा हिशेब तुम्ही घरी करून बघा म्हणून जरा सावकाश सांगतो. एक मोठी म्हैस दिवसाला साधारण सात किलो वाळलेला चारा खाते. वर्षाचे झाले पंचवीस क्विंटल. वसुधा भारी जमिनीत हेक्टरी ६५ ते ७० क्विंटल कडबा देते, म्हणजे एकरी सत्तावीस. एका म्हशीला एक एकर. बरडावर अनुराधा हेक्टरी ३० ते ३५ देते, एकरी तेरा. एका म्हशीला दोन एकर. हे आकडे विद्यापीठाचे, चांगल्या वर्षातले आणि चांगल्या मशागतीतले. आमच्या रानाला मी ०.६ ने गुणतो. हा ०.६ शास्त्रीय नाही, माझ्या अनुभवाचा आहे, तुमचा वेगळा निघेल. पण पुस्तकातला आकडा जसाच्या तसा घेऊ नका.

बैल या हिशेबात कुठे बसतात? बैलही तेवढंच खातो. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू कापायला बंदी आहे, म्हशींना नाही. कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध मी इथे भाषण करणार नाही. शेतकऱ्याच्या वहीत काय झालं तेवढं सांगतो. काम संपलेला बैल विकून नव्याची निम्मी किंमत उभी राहायची, ते थांबलं. आमच्या दोन बैलांना गिऱ्हाईक मिळालं नाही. आणि बाजाराला न्यायचं म्हटलं तर आमच्या नावाच्या माणसानं टेम्पोत बैल घालून हमरस्त्यानं जायचं का, हा प्रश्न अब्बांनी एकदा विचारला आणि परत विषय काढला नाही. बैल दावणीलाच म्हातारे झाले आणि गेले. तोवर वर्षाला पन्नास क्विंटल कडबा त्यांनी खाल्ला. आता औतकाम ट्रॅक्टरवर. आज आमच्याकडे दोन म्हशी आणि आठ शेळ्या आहेत.

वाणाबद्दल अजून थोडं. मालदांडी ३५-१ ही आमच्याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली जात. तिला आता नव्वद वर्षं होत आली, तरी भाकरीला आणि कडब्याला लोक अजून तीच मागतात. नव्या जाती तिच्यापेक्षा जास्त देतात, पण जमीन बघून: हलकीला अनुराधा किंवा माउली, मध्यमला सुचित्रा, भारीला वसुधा. राहुरीच्या अनेक वाणांच्या नावाआधी 'फुले' असतं. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. शेतकऱ्याला हिशेब कळू न देण्यावर कुणाकुणाची पोटं चालतात हे त्यांनी त्यात मांडलं, आणि आता त्यांचं नाव ज्वारीच्या पिशवीवर असतं. मला हे आवडतं.

या सगळ्या सरळ जाती आहेत, संकरित नाहीत. म्हणजे कणसं निवडून घरचं बी ठेवता येतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं बी ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, अगदी ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. संकरित बाजरीचं बी मात्र घरचं धरू नका, दुसऱ्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. खरिपात बाजरी करत असाल तर धनशक्ती बघा. ती सरळ जात आहे, तिच्या दाण्यात लोह जास्त आहे, आणि आपल्या घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन किती असतं हे सांगायला मी डॉक्टर असायची गरज नाही. तिचं सरमाड कडब्याइतकं चांगलं नसतं, पण निभतं. विकतचं बी घेतलं तर पिशवीवरची चिठ्ठी बघा. निळी असेल तर प्रमाणित बियाणं, हिरवट असेल तर विकणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर सत्यप्रत म्हणून दिलेलं. पिशवी आणि चिठ्ठी पीक निघेपर्यंत फेकू नका. पेरणीआधी काणीसाठी किलोला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळा. चहाच्या पैशात होणारं काम आहे आणि निम्मे लोक ते करत नाहीत.

आता खत. २०१८ साली आम्ही बरडाला एकरी एक पोतं युरिया आणि एक पोतं १०:२६:२६ टाकलं होतं. का? दुकानदार म्हणाला म्हणून. पोत्यावरचे आकडे म्हणजे शंभर किलोत किती किलो अन्नद्रव्य, एवढंच. पहिला नत्र, दुसरा स्फुरद, तिसरा पालाश. युरियात ४६ टक्के नत्र. पोतं आता ४५ किलोचं, २०१८ पर्यंत ५० किलोचं होतं. म्हणजे एका पोत्यात जवळपास २१ किलो नत्र. १०:२६:२६ च्या पोत्यात नत्र ५ किलो. दोन्ही मिळून आम्ही एकरी सुमारे २६ किलो नत्र दिलं. कोरडवाहू ज्वारीला हलक्या जमिनीत शिफारस आहे हेक्टरी २५ किलोची, म्हणजे एकरी १०. अडीचपट. पावसाविना खुरटलेल्या ज्वारीत अडीचपट नत्र. अम्मानं त्या दिवशी थांबवलं नसतं तर काय झालं असतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पालाशची कोरडवाहूला शिफारसच नाही, आपल्या काळ्या जमिनीत ते सहसा पुरेसं असतं. ते पैसे असेच गेले.

मध्यम जमिनीला शिफारस हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद. एकरी १६ आणि ८. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यात बरोबर ८ किलो. वर ३५ किलो युरिया. झालं एकराचं खत. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळतं, ते डीएपीत नाही. डीएपीनंच करायचं म्हटलं तर साडेसतरा किलो डीएपी आणि २८ किलो युरिया. डीएपीचं पोतं १३५० रुपयांना, म्हणजे एकरी ४७० रुपयांचं डीएपी. गणित कुठल्याही खतानं जुळतं. प्रश्न इतकाच की तुम्ही ते दुकानात जायच्या आधी करता की दुकानदार तुमच्यासाठी करतो. कोरडवाहूत सगळं खत पेरणीबरोबर द्यायचं, दोन चाड्यांच्या पाभरीनं, म्हणजे ते बियाण्याजवळ ओलीत पडतं. नंतर वरून युरिया फेकलात तर कोरड्या जमिनीवर त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. मृद आरोग्य पत्रिकेवर फार विसंबू नका. आमच्या पत्रिकेवरचा नमुना कुणाच्या रानातला होता अल्ला जाणे. स्वतः नमुना काढून तपासून घ्या.

आणि उकिरडा. एक म्हैस दिवसाला पंधरा किलोच्या आसपास शेण टाकते. दोन म्हशींचं वर्षाचं शेणखत कुजून चार-पाच टन धरलं, तर त्यात २०-२५ किलो नत्र असतं. म्हणजे युरियाचं एक पोतं गोठ्यातच तयार होतं. ते हळूहळू लागू पडतं, पहिल्या वर्षी सगळं मिळत नाही, पण त्यानं माती ओल धरते, आणि रब्बीत ओलच तर हवी. जनावराच्या अंगातून निघणाऱ्या नत्रातलं निम्म्याच्या आसपास मुतात असतं. ते आमच्याकडे नालीनं ओढ्याला जायचं. आता अम्मा गोठ्यात चघळ पसरते, ते मूत शोषून उकिरड्यावर जातं. ही युक्ती तिची. पाभरीचं, युरियाचं गणित माझं. शेळ्यांच्या लेंड्यांत शेणापेक्षा नत्र जास्त असतं, त्या ती वेगळ्या ठेवते, बरडासाठी.

दुकानाचा किस्सा राहिला. मी त्या वर्षी नेमकी यादी घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलो. तो म्हणाला, युरिया पाहिजे तर सोबत एक द्रवखताची बाटली घ्यावी लागेल. याला लिंकिंग म्हणतात. असं जबरदस्तीनं गळ्यात मारता येत नाही. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे दुकानात साठा आणि भाव लिहिलेला फलक हवा, छापील किमतीच्या वर पैसे घेता येत नाहीत, आणि बिल द्यावंच लागतं. युरियाच्या पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे, ती पोत्यावरच छापलेली असते. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी करता येते. मी बिल मागितलं. मशीन बंद आहे म्हणाला. मग मशीन चालू होईपर्यंत थांबतो म्हणालो, बसलो. अर्ध्या तासात मशीन चालू झालं, बाटलीचा विषय निघाला नाही.

मी खूश होऊन घरी आलो. अब्बा खूश नव्हते. संध्याकाळी दुकानदारानं त्यांना गाठून म्हटलं होतं, पोरगं फार शिकलंय, आता उधारीचं तेवढं रोखीनं बघा. अब्बा मला म्हणाले, गावात आपली चार घरं, कशाला कुणाशी वाकडं? मला राग आला होता. आता वाटतं, राग त्यांच्यावर काढायचा नव्हता. ज्याच्याकडून मार्चपर्यंत उधार घ्यायचं त्याच्याकडे बिल मागायचं धाडस चार घरांचं असो की चारशे घरांचं, कुणाचंच होत नाही. बांधापलीकडचे पाटीलही बिल मागत नाहीत. ही भीती मुसलमान असण्याची आहे असं आम्ही समजत होतो. तिचा मोठा भाग उधारीचा होता.

मग मी उधारीची वही मागवली. २६६ रुपये ५० पैशांचं पोतं वहीत ३१० ला लिहिलेलं. सप्टेंबरचा माल, पैसे मार्चमध्ये. सहा महिन्यांना त्रेचाळीस रुपये. वर्षाला काढलं तर बत्तीस टक्क्यांच्या पुढे जातं. अब्बांनी आयुष्यभर बँकेचं पीककर्ज घेतलं नाही, कारण व्याज हराम. त्यांची श्रद्धा मी थट्टेवारी नेणार नाही. पण ते बत्तीस टक्के काय होतं? त्यावर व्याज असं लिहिलेलं नव्हतं, युरिया असं लिहिलेलं होतं, इतकंच. राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, कागदावर व्याज लागतं आणि मग माफ होतं, ते शून्य नव्हे. मी दोन आलिमांना विचारलं, दोन उत्तरं मिळाली. तुमच्यातल्या ज्यांना दीनचा अभ्यास आहे त्यांनी यावर लिहा. आपल्या मासिकांत बँकेच्या व्याजावर पानंच्या पानं येतात, उधारीच्या युरियावर ओळ येत नाही.

सध्या आम्ही तीन घरं, आम्ही, पाटील आणि एक धनगर कुटुंब, पेरणीआधी पैसे एकत्र करून रोखीनं खत आणतो. तिघांचं मिळून पंचवीस-तीस पोती होतात. दुकानदार आता बिल स्वतःहून देतो, रोख गिऱ्हाईक कुणाला नको असतं. मागच्या साली आणायला अम्मा गेली. खताला सातबारा लागत नाही, आधार आणि अंगठा पुरतो, म्हणून मीच आग्रह केला. चाळीस वर्षं त्या रानात राबलेली बाई पहिल्यांदा त्या दुकानाची पायरी चढली. मशीननं तिचा अंगठा तीनदा नाकारला. रेषा झिजल्या आहेत. शेवटी मोबाइलवर आलेल्या आकड्यानं काम झालं. घरी आल्यावर तिनं पोती मोजली, बिल माझ्याकडून वाचून घेतलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

यंदाचा बेत सांगतो. ओढ्याकाठी दोन एकर वसुधा, एक एकर हरभरा. बरडावर तीन एकर अनुराधा. खालच्या अंगाच्या त्या मध्यम एकरावर घरच्या बियाण्याची मालदांडी, ती फक्त भाकरीसाठी आणि बियाण्यासाठी, तिचा कडबा पाटलांना कबूल केलेला आहे. उरलेल्या दोन एकरांत खरिपाची बाजरी उभी आहे. वसुधा आणि अनुराधा मिळून पुस्तकातला कडबा होतो त्र्याण्णव क्विंटल, माझ्या ०.६ नं छप्पन. दोन म्हशींना पन्नास आणि आठ शेळ्यांना सोळा धरले तर लागतो सहासष्ट. दहा क्विंटल कमी पडतात. अम्मा म्हणते सरमाडावर भागणार नाही, दोन बोकड आत्ताच विकू. अब्बा म्हणतात बकरी ईदपर्यंत थांब, दीडपट भाव येईल. ईद येणार मे महिन्यात, म्हणजे चारा सगळ्यात महाग असतो तेव्हाच. दोन बोकडांचा तोवरचा चारा आणि ईदचा भाव, यांचा हिशेब करून दे म्हणून मला सांगितलं आहे. परवा रात्री एक्सेल उघडलं होतं. बोकड दिवसाला किती खातो हे विचारायला अम्माला फोन लावला, ती गोठ्यात होती, म्हणाली नंतर कर. अजून ठरलेलं नाही.